बोटांनी वाचायची पानं

वसुधाताई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये ऑफिसबाहेर गाडीत बसले होते. रडू यायच्या आधी रागच आला. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी त्यांच्या कॉलेजशी भांडायला जाणार होतो आणि या बाई मला एकटीला टाकून निघून गेल्या...

ताईंची दृष्टी आणि ऐकणं, दोन्ही शाळकरी वयातच गेलं. पण बोलायच्या खणखणीत मराठीत. आपण त्यांच्या तळहातावर बोटानं अक्षरं गिरवून उत्तर द्यायचं. मी सावकाश गिरवलं की म्हणायच्या, "अगं, भरभर लिही. मी आंधळी आहे, मंद नाही!" आम्ही जिथे भांडायला जाणार होतो त्या वुमेन्स कॉलेजनं आधी त्यांना प्रवेशच नाकारला होता. त्या भांडून आत शिरल्या, शिकल्या आणि पुढे जन्मभर आपल्यासारख्यांच्या हक्कांसाठी कोर्टकचेऱ्या करत राहिल्या. म्हातारपणी आपले ब्रेलमधले सगळे कागद त्यांनी त्याच कॉलेजच्या संग्रहाला दिले. मी विचारलं, "त्यांनाच का?" तर म्हणाल्या, "त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी त्यांच्याच कपाटात ठेवायची मजा वेगळी असते."

आणि कॉलेजनं काय करावं? ब्रेलचं एकेक पान जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलं आणि वर पाटी लावली, हात लावू नये! हे कळलं तेव्हा ताईंनी टेबलावर मूठ आपटली. "डोळस लोकांनी बघत बसावं म्हणून लिहिलं का मी?"

शेवटी मी एकटीच गेले. संग्रह सांभाळणाऱ्या बाई सज्जन होत्या. म्हणाल्या, "बोटं फिरून फिरून ठिपके सपाट होतील. मग काहीच उरणार नाही." मुद्दा खरा होता, म्हणून तर मी जास्तच भडकले. "स्कॅन करून ठेवा. पण मूळ पानं वाचून झिजली तर झिजू देत. ताई काचेत ठेवायची बाहुली नव्हत्या. जमत नसेल तर खोकी आत्ता माझ्या गाडीत ठेवा." कागद परत मागायचा हक्क ताईंनी मला लिहून दिला होता. बाई उठल्या आणि पाकिटं कापायला कात्री घेऊन आल्या.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. वाचनालयात एक अंध विद्यार्थिनी उघड्या बोटांनी ताईंचं एक तक्रारपत्र वाचत होती. एका ओळीवर थांबली, मागे गेली, परत वाचली आणि मोठ्यानं हसली. मी ताईंची मैत्रीण, हे कळल्यावर तिनं विचारलं, "त्या नेहमीच एवढ्या भांडायच्या?"

"नेहमीच," मी म्हटलं. "पुढच्या पानावर तर प्रिन्सिपॉललाच धुतलंय."

तिनं घाईनं पान उलटलं.