धुतलेली धार

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला लोक चहा फार पाजतात. काम मागायला गेलो की आधी चहा, मग घरच्यांची चौकशी, आणि शेवटी उठता उठता कळायचं की सध्या ड्रायव्हरची गरज नाही, लागली तर कळवतो. नंदुरबारमधल्या जवळजवळ प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याचा चहा मी असा प्यायलो. काही ठिकाणी तो चांगला होता, हेही सांगायला हवं.

माझी केस दारूची. केळीच्या घडांखाली खोकी लपवून मी पिकअप गुजरातेत नेत होतो, आणि खाली काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. तिकडे दारूबंदी, आमच्याकडे नाही, एवढ्या फरकावर आमच्या भागात कित्येकांच्या चुली पेटतात. खापर गावाच्या पुढे नाक्यावर सापडलो, तो मी एकटा. शिक्षा तिकडच्याच तुरुंगात भोगली. सुटून आल्यावर मोठ्या गाडीचं लायसन काढलं, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. पण मालक लोक पोलिसांचा दाखला मागायचे. दाखला मिळतो हो, पण त्यावर केस लिहून येते. असला दाखला दाखवण्यापेक्षा हरवला म्हणून सांगितलेलं बरं.

बायको मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडायला जायची. संध्याकाळी तिच्या हातांची आग व्हायची, मग ती हात ताकात बुडवून ओट्यावर बसायची. मी घरात बसून बघायचो. मला राग यायचा, आणि तो तिच्यावरच निघायचा, कारण ती माझ्यावर कधी रागवत नव्हती.

शेवटी प्रकाशा गावच्या एका गुजर शेतकऱ्याने मला ट्रक दिला. त्याला आम्ही सगळे आबा म्हणायचो. ऊस, केळी, स्वतःच्या दोन गाड्या, घरात दारूचं नावही निघत नसे. त्याने मला चहा दिला नाही, तेव्हाच मला आशा वाटली. काम होतं ते दुसऱ्या कुणाला नको असलेलं. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून ऊसतोड टोळी उचलायची आणि गुजरातेतल्या साखर कारखान्यावर पोचवायची. मालाच्या गाडीत माणसं घालायची म्हणून जुन्या ड्रायव्हरने काखा वर केल्या होत्या. रस्ता तोच, खापरचा. नाकाही तोच.

चावी देताना आबा एवढंच म्हणाला, ‘‘गाडीमा एक थेंब जरी सापडना, तर चावी ठेव नि घर चालू लाग.’’

थेंब सापडला की काम गेलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

अक्कलकुव्याहून वर डोंगरात गाडी चढवली, तेव्हा टोळी तयार बसलेली होती. भांडी, गोधड्या, बांबू, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, गोणपाटात गुंडाळलेले कोयते, कडेवर पोरं. सामान चढलं. माणसं मात्र चढेनात. मग टोळीच्या मुकादमाची म्हातारी आई पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन आली. वास लांबूनच आला. मोहाची दारू होती.

मुकादम आमच्याशी अहिराणी बोलायचा, घरात भिली. त्याने मला समजावून सांगितलं. घर सोडून टोळी निघते तेव्हा गाडीच्या पुढच्या चाकांवर धार टाकायची, आणि जो नेतो त्याने एक घोट घ्यायचा. मग तो रस्ता त्याचा आणि टोळीचा एक होतो. दरवर्षी असंच करतात.

मी त्याला नाका सांगितला, दारूबंदी सांगितली, आबाची अट सांगितली. माझी केस तेवढी सांगितली नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘दादा, धार टाक्याबिगर कोन्ही गाडीमा बसाव नही,’’ तो म्हणाला.

टोळी नेली नाही तर आबा चावी घेणार. दारू गाडीला लागली तर नाक्यावरचे मला धरणार, आणि चावी तरीही आबा घेणार. मी कितीतरी वेळ त्या द्रोणाकडे बघत उभा होतो. शेवटी म्हटलं, चाकावर टाका, बाहेरूनच तर आहे. घोट मात्र मी घेणार नाही. म्हातारीला हे आवडलं नाही, पण तिने दोन्ही चाकांवर धार टाकली, काहीतरी पुटपुटली, आणि तिच्यासकट सगळे चढले.

पाडा मागे पडला तरी वास काही जाईना. खिडकीतून येतोय असं वाटायचं, मग कपड्यांना येतोय असं वाटायचं. खाली एक ओहोळ लागला. मी गाडी थांबवली, उतरलो, बादलीने पाणी आणून दोन्ही चाकं धुतली. नुसती धुतली नाहीत, गवताच्या पेंडीने घासली. कुणी बघत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घाबरलेल्या माणसाला आपण एकटेच आहोत असं वाटतं.

मान वर केली तर फळीवरून सगळी टोळी माझ्याकडे बघत होती. कुणी ओरडलं नाही. एकेक करून बाया उतरल्या, पोरं उतरवली, कोंबड्यांची टोपली खाली घेतली आणि पाड्याच्या वाटेला लागल्या. म्हातारी सगळ्यांत पुढे.

मी त्यांच्या मागे धावलो. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. तिथे भर रस्त्यात मी सगळं सांगून टाकलं. केस, तुरुंग, बायकोचे हात, नाका. मुकादम आईला भिलीत सांगत गेला. मला वाटलं, तुरुंग ऐकल्यावर त्या उरलेलं सामानही काढून नेतील. पण म्हातारीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला वाईट वाटलं होतं ते फक्त धार धुतल्याचं.

टोळी परत फिरली. एका पोराने पळत जाऊन पाड्यावरून द्रोण आणला, पुन्हा धार. या वेळी तिने द्रोण माझ्या तोंडासमोर धरला. मी घोट घेतला. घशाखाली उतरला तो आगीसारखा नाही, मोहाच्या फुलांसारखा गोडसर.

खापरला पोचलो आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावली. असं तोंड घेऊन नाका ओलांडणं म्हणजे स्वतःहून हात पुढे करणं होतं. तोंड धुतलं, कांदा खाल्ला, पाणी प्यायलो. टोळी गाडीत उन्हात बसून राहिली. पुढे नाका, मागे प्रकाशा, मध्ये मी. आबाचा फोन आला, कुठे पोचलास म्हणून. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं बोललो. तो म्हणाला, दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर मोटरसायकलवर पाठवतो, चावी त्याच्याकडे दे आणि एसटीने घरी जा.

तो आला. ओळखीचाच होता, भला माणूस. मी चावी त्याच्या हातात ठेवली. बायकोला काय सांगायचं ते जुळवत होतो. तो केबिनमध्ये चढायला लागला, तेवढ्यात मुकादमाने त्याला हात केला आणि समजावलं की आम्ही तुझ्याबरोबर येणार नाही. घोट याने घेतलाय. त्या भल्या माणसाने स्वतःही घोट घ्यायची तयारी दाखवली, पण तसं चालत नव्हतं. एका रस्त्याला एकच माणूस. त्याने आबाला फोन लावला, आबा मुकादमावर चिडला, मुकादमाने ऐकून घेतलं आणि मान हलवून नकार दिला.

शेवटी फोन माझ्याकडे आला. आबा थकलेल्या आवाजात म्हणाला, वास पुरता गेल्यावर निघ. टोळी पोचव, मग आपला संबंध संपला.

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात म्हातारी काहीतरी बोलली आणि मुकादमाने ते मला सांगितलं.

‘‘ती सांगस, तू लई जाई ऱ्हायना, परत बी तूच लई येशी.’’

म्हणजे नेणाराच परत आणणार, हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, याच रस्त्याने, याच नाक्यावरून. ते घोटातच आलं होतं, मला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. मी आबाला तसंच सांगितलं. परत आणायलाही मीच लागणार. नाहीतर आत्ताच ही माणसं उतरतील. मी धमकी देत नव्हतो. मी स्वतःही तितकाच सापडलो होतो. आबा ‘बघू’ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुपार कलल्यावर निघालो. नाक्यावर शिपायाने केबिनमध्ये डोकं घातलं, माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेतला, मागे काठीने गोधड्या ढोसल्या. मग सहज विचारलं, या रस्त्याने पहिल्यांदाच का? मी नाही म्हणालो. त्याने आडवा बांबू वर केला.

पुढे गेल्यावर गाडी हळू घेतली. मागे एक पोर रडत होतं आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं. मागच्या वेळी याच जागेवरून पोलीस मला घेऊन गेले, तेव्हा मी परत येईन असं माझी बायको सोडून कुणी म्हटलं नव्हतं. आता ही इतकी माणसं मला मोकळं सोडायला तयार नव्हती. त्यांना परत आणायचं तर मलाही घरी परत यावंच लागणार होतं.