सुनंदाबाईंच्या घरचा नकाशा

भूगोलाच्या मास्तराकडं किस्से साठतात ते कपाटात खडूचे तुकडे साठतात तसे. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. मी पोलादपूरच्या एका शाळेत सातवीला शिकवतो. नकाशाची अंगे हा धडा आला की दरवर्षी थोडी भर पडतेच. यंदा मात्र हा धडा वर्गात सुरू झाला आणि एका मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात संपला.

*

सुरुवात दिशांनी केली. फळ्यावर तालुका काढला आणि सांगितलं, नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर. वर्गात चुळबुळ सुरू झाली. आमच्याकडं 'वर' म्हणजे घाट, महाबळेश्वर. 'खाली' म्हणजे महाड. हे पोरं आईच्या कडेवर असतानाच शिकतात. त्यामुळं सगळ्यांनी वह्या आडव्या फिरवून घाट वर आणला! मी एकेकाची वही सरळ करत गेलो.

मागच्या बाकावरचा रोशन उठला. त्याची अडचण खरी होती. नकाशात महाड पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आणि सावित्री तर पोलादपूरहून महाडला वाहत जाते. कागदाची वरची बाजू वेगळी, डोंगराची वेगळी, हे समजावताना माझा घसा कोरडा पडला. रोशननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"परीक्षेत तसंच लिव्हतो सर," तो म्हणाला, "पन नदी काय चढायची नाय."

*

मग रंग. पाणी निळं दाखवायचं, हे मी दोनदा सांगितलं होतं. तरी सानिकानं महाडजवळच्या सव गावचं गरम पाण्याचं कुंड लालभडक रंगवलं. मी मार्क कापला. ती वही घेऊन टेबलाशी आली.

"सर, निळं बघून कोनी हात घातला तर? भाजंल ना."

खाली सूचीत तिनं लाल म्हणजे गरम असं लिहिलंही होतं. नकाशातल्या खुणांचा अर्थ सूचीत दिला असेल, तर मास्तरानं बोलायचं काय? मी मार्क परत दिला.

*

आता सुनंदाबाई. आमच्या शाळेत गणित शिकवतात, घर कुडपणला, तेही गावापासून बाजूला. रस्ता संपला की पायवाटेनं चढायचं. बाई हुशार, स्वभावानं मोकळ्या, पण लग्न जमत नव्हतं. पहिली पाहुणेमंडळी फाटा चुकली. मोबाइलची रेंज गेली, गाडी घाट चढून थेट महाबळेश्वरला पोचली. तिथं त्यांनी स्ट्रॉबेरी खाल्ली आणि योग नाही म्हणून कळवलं. दुसरी मंडळी अंगणापर्यंत आली, पण घरच्या खंड्या कुत्र्यानं मध्यस्थाची पँट धरली. मंडळी तिथूनच फिरली.

बाई हे हसत सांगायच्या. एकदा मात्र किस्सा अर्धाच सोडून वह्या तपासायला बसल्या. मला फार वाईट वाटलं. त्यांचे अप्पा म्हणायचे, "पोरीत खोट नाय. वाटंत हाय."

*

महाडचं तिसरं स्थळ बघायला येणार असं ठरलं तेव्हा मीच म्हणालो, आमचा वर्ग नकाशा काढून देईल. कुडपणची चार पोरं वर्गात होतीच. आधी शीर्षक हवं. पोरांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'आमच्या बाईंना बघायला जाण्याचा नकाशा'. बाईंनी ते खोडून 'कुडपण परिसर' केलं. वर्ग दिवसभर नाराज होता.

प्रमाणावरून वाद झाला. मी किलोमीटर म्हणालो. कुडपणच्या पोरांना ते पटेना. डोक्यावर भारा घेऊन चढताना जिथं तो उतरवून टेकायचं, तो विसावा. त्यांची वाट विसाव्यांनीच मोजली जाते. शेवटी एक सेंटिमीटर म्हणजे एक विसावा, असं ठरलं. पुस्तकात असलं प्रमाण नाही, पण त्या चढावर किलोमीटर तरी काय कामाचा?

घरापुढं रोशननं दात विचकलेलं कुत्रं काढलं आणि सूचीत बारीक अक्षरात लिहिलं, 'चावतो. बिस्कीट दिल्यावर नाय.' बाईंना ते खोडायचं होतं. मी अडून बसलो. आहे ते लपवलं तर तो नकाशा कसला?

"राहू दे," बाई म्हणाल्या. "सूची कोण वाचतं, सर? सगळे घर कुठंय तेवढंच बघतात."

*

रविवारी अप्पांच्या आग्रहानं मीही कुडपणला गेलो. पोहे निवले. ऊन अंगणातून सरकत पडवीत आलं. फाट्यावर माणूस उभा करायला हवा होता, असं अप्पा पुटपुटत होते. बाई दोनदा दाराशी येऊन आत गेल्या. मी सारखा वाटेकडं बघत होतो, कारण नकाशा माझ्या वर्गाचा होता.

एवढ्यात खंड्या पिसाळल्यासारखा भुंकत वाटेनं धावला. अप्पा काठी घेऊन उठले, त्यांच्यामागं मी. आणि भुंकणं एकदम थांबलं.

वळणावरून मुलगा आला. हातात घडी घातलेला नकाशा, दुसऱ्या हातात फोडलेला बिस्किटाचा पुडा. मागून त्याची आई. खंड्या शेपूट हलवत दोघांच्या मधून चालला होता. उशीर झाल्याबद्दल आईच बोलल्या. मुलानं त्यांना प्रत्येक विसाव्यावर बसवत आणलं होतं.

चहापाणी झालं. सगळे पडवीत. खंड्या मुलाच्या पायाशी झोपलेला. अप्पा आतल्या दाराशी गेले आणि हळूच विचारलं, "काय गो, काय सांगू त्यांना?"

बाईंनी एकदा बाहेर पाहिलं.

"होय म्हणा, अप्पा. यांनी सूची वाचलीय."