खिडक्यांवरचे कागद

आमच्या नागपुरात डोकं दुखलं की आधी उन्हाचं नाव घेतात. "ऊन लागलं असन," म्हणायचं, कैरीचं पन्हं पाजायचं, तळपायाला कांदा चोळायचा आणि अंधाऱ्या खोलीत निजवायचं. त्यासाठी उन्हाळा लागला की खिडक्यांच्या काचांना आतून जुने पेपर चिकटवतात. माझ्या थोरल्या बहिणीचं दुखणं असंच वर्षानुवर्षं उन्हाच्या नावावर खपलं.

ती कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहते. भाऊजी तिथेच शिफ्टला जातात. ताईचं अर्धं डोकं ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, फोडणीच्या वासानं उलटी व्हायची. सासू म्हणायची, "आमच्या वक्ती ऊन नव्हतं का वं?" भाऊजी मेडिकलमधून गोळ्या आणायचे, ही गिळायची. मग तिनं भिशीला जाणं सोडलं. लग्नकार्यं सोडली. माझा फोनही उचलेना.

गेल्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेले. कडाक्याची थंडी, कॉलनीतल्या बायका गच्चीवर ऊन खात बसलेल्या, आणि हिच्या खिडक्यांवर पेपर जसेच्या तसे. मला भीती वाटली की मी भांडते, स्वभावच तसा आहे.

"अवं ताई, थंडीत कोणतं ऊन लागून राहिलं तुले?" असं म्हणत मी एक पेपर टराटरा फाडला.

तिनं माझ्यावर ओरडायला हवं होतं. लहानपणी तिची रिबीन घेतली तरी पाठीत धपाटा घालायची. आता तिनं नुसतं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "लाव वं परत." आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. मी गुपचूप दुसरा पेपर लावला.

बाहेरच्या खोलीत भाऊजी पोरीची वेणी घालत होते. चांगली घट्ट, सरळ वेणी. मी बघतच राहिले, तर कौतुकानं हसून म्हणाले, "येते आता मले. तुझी ताईच मागं लागली होती. शिकून घ्या म्हणे, भाजीही शिकून घ्या म्हणे." त्यांच्या त्या हसण्याचा मला संताप आला. ती घर सोपवून देत होती. यांना ते दिसतच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी तिला नागपुरात मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. भाऊजी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं. भाऊजी बिथरले. "डोकं दुखते तिचं, ते काय पागल आहे? तिकडं काहून?" बाई शांतपणे म्हणाल्या, "रोजचं दुखणं मनाला खातं, आणि खचलेलं मन दुखणं वाढवतं. दोन्हीचा इलाज सोबतच करावा लागतो."

त्या दुसऱ्या डॉक्टरांनी इकडचं तिकडचं विचारलं. मग सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का कधी?"

"छे हो, असं काही नाही," भाऊजींनी तिच्या वतीनं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं. ताईनं पदर सारखा केला आणि विचारलं, "आजचं विचारता का?"