लाल फीतवालीले भात नाही

मले सुताच्या बोऱ्यायच्या काट्यावर उभं केलं.

आधी डिपार्टमेंटच्या दारात लहान काटा ठेवला होता. काचेचा, घरात वापरतात तसा. एकेक बाई चढून राहिली होती, उतरून राहिली होती. माहा नंबर आला. मी चप्पल काढली. नव्या साहेबानं हात आडवा केला.

"थांबा मावशी. हा फुटेल."

सगळे हसले. मी पण हसली. काय करणार.

मंग तो सुपरवायझरले म्हणला, "यांना गोडाऊनला न्या."

मले वाटलं गंमत करून राहिला. गंमत नव्हती. आमच्या गोडाऊनमध्ये जमिनीवर लोखंडी पत्र्याचा मोठा काटा आहे. त्यावर सुताचे भरलेले बोरे तोलतात. तिथं नेलं मले. हमाल खांद्यावर बोरा घेऊन थांबले. ट्रकचे ड्रायव्हर चहा पिऊन राहिले होते, ते ग्लास घेऊन जवळ आले. डिपार्टमेंटच्या बाया मागं उभ्या. भिंतीवरच्या डब्यात लाल आकडा आला. साहेबानं तो मोठ्यानं वाचला. शहाण्णव.

"बोऱ्यापेक्षा जास्त," तो म्हणला. "शिक्का मारा आणि गाडीत टाका."

कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. मी पाहिलं त्याले. पण मले हलणंच सुचलं नाही. पायाखालचा पत्रा थंड होता. मे महिना, बाहेर ऊन आगीसारखं, अन् माह्या तळपायाले थंडी वाजून राहिली होती.

"उतरा आता," साहेब म्हणला. "माल यायचाय."

माल यायचा होता. म्हणून उतरली.

मी बुटीबोरीले सुताच्या कंपनीत आहे. मशीनवर सूत गुंडाळलं जाते, तुटलं की जोडायचं, भरलं की काढायचं. आठ तास उभ्यानं. एका मशीनच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतच राहायचं. मानेवाड्याहून कंपनीची बस घेते, तीच आणून सोडते. घरी नवरा आहे, ऑटो चालवतो. पोरगी कॉलेजात आहे. ती झाल्यापासून माहं अंग वाढत गेलं. दोन वर्षांआधी शुगर निघाली, तवापासून गोळी चालू आहे. कामात मी कधी मागं नव्हती. हे मी मुद्दाम लिहून राहिली. कारण जाड्या बाईले लोक आधी आळशी समजतात, मंग नाव विचारतात. त्या साहेबानं तं नाव पण नाही विचारलं.

तो नवीन आला होता. कामगारायचं पाहणारा साहेब. चाळिशीच्या आतला. सकाळी शहरात सदरच्या जिमात जाऊन मंग कंपनीत येई. शर्टाच्या बाह्या दंडावर ताणलेल्या. माह्याहून फार तं चार वर्षं लहान असेल, अन् मले मावशी म्हणे. त्यानं कंपनीत वजन कमी करायची मोहीम काढली. आम्हाले कॅन्टीनमध्ये बसवून भाषण दिलं. त्यातलं एक वाक्य मी विसरत नाही.

"तुम्ही लोक ताटभर भात खाता आणि मशीनवर पेंगता."

तुम्ही लोक.

मंग म्हणला, भात बंद, पोळी बंद, बटाटा बंद, साखर बंद. वजन झपाझप उतरते. मी स्वतः करून पाहिलंय.

काट्यावर ज्यायचं वजन जास्त निघालं, त्यायच्या ओळखपत्राले लाल फीत लावली. बाकीच्यायची निळी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट घेऊन लाईनीत लागली. वाढणारा दिवाकर माह्या ओळखीचा, आमच्याच बसमधला. त्यानं झारा भातात घातला, वर काढला, माही फीत पाहिली अन् झारा तसाच वर थांबला.

"लाल फीतवालीले भात नाही, बाई," तो खाली पाहून म्हणला. "पोळी पण नाही. साहेबाचं सांगणं आहे."

माह्या मागं लाईन होती. सगळ्यायनं ऐकलं.

माहं माहेर भंडाऱ्याकडचं. धानाचा भाग. माय दुसऱ्याच्या शेतात रोवण्याले जायची. दिवसभर चिखलात वाकून संध्याकाळी मालकिणीच्या दारात जायचं, पदर पसरायचा. मालकीण ओट्यावरून तांदूळ टाके. हात वर धरून टाके, पदराले लागू नये म्हणून. काही दाणे खाली सांडत. माय ते वेचे, मी पण वेचायची. आम्ही तेच शिजवून खाल्लं अन् मी त्यावरच वाढली. मी मोठी होऊन कंपनीत लागली, तवा मायनं म्हणलं होतं, आता तुले कोणी वरून टाकणार नाही.

मी पत्ताकोबी अन् पातळ वरण घेऊन बसली. शेजारी कांता होती. आमची ओळख दहा-बारा वर्षांची, एकाच मशीनच्या दोन टोकायले आम्ही काम करतो. तिची फीत निळी. तिनं आपल्या ताटातला भात माह्याकडं सरकवला.

"खा वं."

"नको," मी म्हणलं. "आता मी उतरवूनच दाखवते याले."

माह्या डोक्यात रागच तसा भरला होता. मले बारीक नव्हतं व्हायचं. मले उतरलेला आकडा त्याच्या तोंडावर फेकायचा होता. घरी पण मी भात सोडला, पोळी सोडली. साहेब काय खाते ते सगळ्या कंपनीले माहीत होतं. अंडी, पनीर, बदाम, भिजवलेले मूग. माह्या ताटातून त्यानं भात काढून घेतला, त्याच्या जागी काही ठेवलं नाही. कोबी, काकडी, पाण्यासारखं वरण. घरी पण मी तेच खायची. नवरा-पोरगी जेवून राहिले की मी गॅलरीत जाऊन उभी राहायची. शिजलेल्या भाताचा वास भिंतीतून येते, हे मले तवा कळलं.

अन् वजन उतरलं. खोटं नाही सांगत. पहिल्या पंधरवड्यात तं असं उतरलं की ब्लाऊज ढिले झाले, बोटातली अंगठी फिरायले लागली. बस थांब्यावर बाया विचारायच्या, काय करून राहिली वं. मले बरं वाटे. साहेबाले त्याहून बरं वाटलं. त्यानं माहा फोटो काढला. मंग एका सकाळी बसमधून उतरली तं गेटवर मोठा फलक. एका बाजूले नवा फोटो, मी हसून राहिली. दुसऱ्या बाजूले मी गोडाऊनच्या काट्यावर. बोऱ्यायच्या मधात. तोंड उघडं, पदर घसरलेला. खाली लिहिलं होतं, आधी अन् नंतर.

मले कोणी विचारलं नव्हतं.

तोच फोटो कंपनीच्या ग्रुपवर गेला. तिथून कुठं कुठं गेला. संध्याकाळी माह्या नवऱ्याच्या मोबाईलवर आला. तो पाहून हसला. मंग त्यानं माह्याकडं पाहिलं अन् हसणं थांबवलं. पण हसला होता. मी ऐकलं. पोरीनं पण तो पाहिला. तिनं त्या दिवशी भात घेतला नाही. मी वाढायले गेली तं ताटावर हात धरला. सोळा-सतरा वर्षांची पोरगी, काडीसारखी.

फलकानं मले जेवढं नाही जाळलं, तेवढं त्या हातानं जाळलं.

मंग वजन थांबलं. तेच खाणं, तेच उपाशी राहणं, पण काटा हलेना. साहेब येता-जाता विचारे, "काय मावशी, चोरून खाता वाटतं?" मी अजून कमी खाल्लं. डोकं दुखे. चिडचिड होई. मशीनवर सूत जोडता जोडता बोटं थरथरत. एका दुपारी घाम फुटला, गार घाम, डोळ्यापुढं सुताच्या रांगा वाकड्या झाल्या. मी मशीनले हात टेकवायले गेली. मशीन चालू होती. कांतानं मागून कमरेले धरून ओढलं नसतं तं हात गेला असता. मी खाली बसली, मंग पडली. तिनं आपल्या पिशवीतला गूळ माह्या तोंडात कोंबला.

"चाव," ती म्हणत होती. "चाव वं बाई, चाव."

डोळे उघडले तं साहेब उभा. त्याच्या हातात मोबाईल होता. तो सुपरवायझरले म्हणला, "गूळ कोणी दिला यांना? एवढ्या दिवसांची मेहनत वाया."

हात जाता जाता राहिला, अन् त्याले गूळ दिसला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली अन् आमच्या वस्तीतल्या डॉक्टरणीकडं गेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिनं पहिला प्रश्न विचारला.

"शुगरची गोळी घेता हे त्यांना सांगितलं होतं?"

"कोणी विचारलंच नाही."

तिनं पेन खाली ठेवला. मंग मले नीट समजावलं. म्हणली, भात-पोळी एकदम तोडली की सुरुवातीले वजन लवकर उतरते, हे खरं आहे. पण त्या पहिल्या उताऱ्यात पाणीच जास्त असते. अंगात साठवलेली साखर संपते, तिच्यासंग पाणी जाते. पुढं काही महिने अशा लोकायचं वजन थोडं जास्त उतरू शकते. पण वर्षभरानं पाहिलं तं सगळं मोजून-मापून खाणारे अन् हे, दोघायचं वजन बहुतेक सारखंच उतरलेलं असते. शेवटी जे माणसाले निभते तेच टिकते. "काही लोकांना हे मानवतं, शुगर असलेल्यांनासुद्धा," ती म्हणली, "पण गोळी तीच ठेवून जेवण तोडायचं नसतं. गोळी कमी करावी लागते, डॉक्टरला विचारावं लागतं. नाही तर साखर खाली जाते. माणूस मरू शकतो."

"मंग मी भात खाऊ का?"

"खा. थोडा कमी घ्या. सोबत डाळ घट्ट घ्या, भाजी घ्या, अंडं घ्या. घाई कोणाला आहे?"

घाई कोणाले होती, ते मले माहीत होतं.

पायी घरी येताना मी रडली नाही. मले एक गोष्ट साफ दिसली. मी त्याच्यावर राग म्हणून उपाशी राहिली, अन् त्याचाच फलक मोठा झाला. माह्या भुकेवर तो वर चढून राहिला होता. राग बरोबर होता. लावला चुकीच्या जागी. माह्याच पोटावर.

मंग पाहुणे आले. दुसऱ्या कंपन्यायचे अधिकारी, आमचे मालक, त्यायच्या घरचे दोघं. साहेबाची मोहीम पाहायले. कॅन्टीन फुग्यायनं सजवलं. साहेबानं मले आदल्या दिवशी बोलावून काय बोलायचं ते पाठ करून घेतलं. मी पाठ केलं. मान हलवली. त्याले वाटलं झालं.

"या आमच्या स्टार," त्यानं माईकवर सांगतलं अन् माईक माह्या हातात दिला.

मी म्हणलं, "नमस्कार. गेटवर बोऱ्यायच्या काट्यावरची जी बाई तुम्ही पाहिली, ती मी. तो फोटो मले न विचारता लावला. मले शुगर आहे, मी गोळी घेते, हे पण या साहेबानं न विचारता माहं जेवण बंद केलं. मी मशीनवर पडली. कांताबाईनं ओढलं म्हणून हा हात आहे."

मी हात वर केला. साहेब हसून राहिला होता, पण त्याचा कान लाल झाला होता. तो माईक घ्यायले पुढं आला. मी माईक दिला नाही.

"या साहेबाले विचारा," मी मालकाले म्हणलं, "हात गेला असता तं फलकावर काय लिहिलं असतं."

मंग मी माईक टेबलावर ठेवला अन् ताट घेऊन दिवाकरपुढं गेली.

"भात वाढ."

त्यानं साहेबाकडं पाहिलं. मी त्याच्या हातातून झारा घेतला. स्वतःच्या हातानं भात घेतला. डोंगर नाही केला. डॉक्टरणीनं सांगतला तेवढा. वरण घेतलं. अन् साहेबाच्या टेबलावर, त्याच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. पाहुणे तिथंच होते. मी जेवली. घाई केली नाही. मधामधात त्याच्याकडं पाहत जेवली. त्याले उठता येईना, बसता येईना. माह्या मागं लाल फीतवाल्या बाया एकेक करून उठल्या. दिवाकरनं आता कोणाकडं न पाहता वाढलं.

लोक विचारतात, बदला घेऊन काय भेटलं. मी सांगते, चव भेटली. त्या भाताएवढं गोड मी काही खाल्लं नाही.

फलक त्याच संध्याकाळी उतरला. फिती गेल्या. मले मात्र आठवड्याच्या आत तुटलेल्या सुताच्या अन् कापसाच्या कचऱ्याच्या खोलीत टाकलं. तिथं नाकातोंडात रुई जाते, खोकला थांबत नाही. त्यायले वाटलं मी नोकरी सोडून जाईन.

मी नाही गेली. मी कंपनीच्या बायायच्या कमिटीकडं तक्रार दिली. फोटोची, काट्याची, बदलीची. साक्षीले कांता उभी राहिली. दिवाकर पण राहिला.

मागच्या आठवड्यात साहेबानं मले केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. पहिल्यांदा माह्या नावानं हाक मारली.

"मी सॉरी म्हणतो. माझी मुलं लहान आहेत. इथेच मिटवू."

"इथं नाही," मी म्हणलं. अन् दार उघडून बाहेर आली.

घरी नवरा म्हणला, सोडून दे, त्याच्या पोटावर पाय कशाले देते. मी म्हणलं, माह्या पोटावर त्यानं दिला तवा तू हसला होता.

माही पोरगी आता भात घेते. मी रोज तिच्या ताटात पाहते.

मी तक्रार मागं घेणार नाही. माफी मले केबिनमध्ये नको, कागदावर पण नको. मले त्याची खुर्ची रिकामी पाहिजे. कमिटीनं दाबलं तं कोर्टात जाईन. नोकरीवरून काढलं तं गेटच्या बाहेर उभी राहीन. जोपर्यंत तो त्या गेटमधून आत जाते, तोपर्यंत रोज सकाळी त्याच्या गाडीच्या काचेतून त्याले मी दिसीन. माहं सगळं अंग घेऊन.