प्रकाशदादांच्या मेंदूचा फोटो

आज मंगळवार, सकाळी नऊ चाळीस. मी साहेबांच्या नावाने जाणारा ईमेल लिहीत होतो, तेव्हा कळलं.

प्रकाशदादा गेले. हार्ट अटॅक. वय त्रेचाळीस.

दहा मिनिटांत साहेबांचाच फोन.
"अरे, श्रद्धांजलीच्या चार ओळी लिहून दे. माझ्या नावाने टाकतो. हुशार, मनमिळाऊ वगैरे घाल."

हुशार?

लिहितो, साहेब. पण माझ्या नावाने.

दादा अकोल्याकडचे. कर्वेनगरच्या आमच्या ऑफिसात हाताने भरलेले फॉर्म वाचून कॉम्प्युटरवर टाकायचे. वाचन हळू. ओळीखाली बोट, ओठ हलते. चूक मात्र शोधूनही सापडायची नाही.

भिंतीवर स्पीडचा बोर्ड. त्यांचं नाव कायम तळाला.

"काय पंडित, आज पहिला फॉर्म संपेल ना?"
हे साहेब. रोज. सगळ्यांसमोर.

मग कुठल्याशा संशोधनासाठी हळू वाचणारी आणि भरभर वाचणारी मोठी माणसं हवी होती. दादा स्वतःहून गेले. मशीनमध्ये झोपून शब्द वाचले. येताना मेंदूच्या फोटोची प्रिंट आणली.

चहाला केवढे खुशीत होते!
"तिथल्या मॅडम म्हणे, भरभर वाचणाऱ्याचा मेंदू डाव्या बाजूले, मागं, शब्द झटकन ओळखते. माहा तिथं कमी चालते. मंग पुढचा भाग, उजवा भाग, सारे मदतीले येते. मी आळशी नाही रे भाऊ, माहा मेंदू डबल ड्युटी करून राह्यला!"

त्याच दिवशी त्यांनी पडताळणीच्या टेबलासाठी अर्ज दिला. तिथे स्पीड कोणी मोजत नाही. दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या, बस.

साहेबांनी फोटो बघायला मागितला. बोर्डाखाली चिकटवला. वर स्केचपेनने लिहिलं:
"दुरुस्ती चालू आहे."

ऑफिस हसलं.

दुपारी दादांनी अर्ज मागे घेतला. मी तो फोटो भिंतीवरून काढायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे."
पुन्हा कधी तो विषय नाही.

साहेब, मी दहावी नापास. चार वर्षं तुमचे ईमेल मी लिहितोय. हेड ऑफिसने ज्या रिपोर्टसाठी तुम्हाला स्टेजवर बोलावलं, तोही माझाच. हेड ऑफिसच्या तिघांना इथे टॅग केलं आहे.

नोकरी जाईल. जाऊ दे.

दादा, त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो.
माफी मागायची राहून गेली.

तुम्हाला मनापासून शेवटचा नमस्कार.