रोझाल्बाच्या लग्नाच्या बाटल्या

सकाळपासून दोनाताच्या पायाला भिंगरी लागली होती. डोंगरात कोरलेल्या तळघरापर्यंत जायचं, दाराला हात लावायचा आणि परत फिरायचं. अशा तीन खेपा झाल्या. मिलानचा व्यापारी बेल्त्रामी दुपारी पुन्हा येणार होता.

काल त्यानं तिच्या लेकीची, रोझाल्बाची वाइन चाखली आणि तोंड वाकडं केलं. "दम आहे, पण घसा खरवडते. जुनी झाली की मऊ होते म्हणता ना? मग जुनी दाखवा. त्याशिवाय मी करारावर सही करायचा नाही."

जुनी! दक्षिण इटलीतल्या वूल्तुरे डोंगराच्या या उतारावर जुनी वाइन ठेवलीय कुणी? आजवर सगळा माल टँकरनं उत्तरेला जायचा, तिकडच्या फिक्या वाइनला रंग आणायला. रंग आमचा, नाव त्यांचं! रोझाल्बानं पोस्टातली नोकरी सोडली, टँकर बंद केला आणि बाटलीवर आपल्या घराचं नाव घातलं. आता बेल्त्रामीनं पाठ फिरवली, तर जमिनीत अर्धा वाटा असलेला दोनाताचा दीर वसंतात द्राक्षाच्या वेली उपटून सोलरचे पत्रे ठोकणार होता.

पण तळघरात बारा जुन्या बाटल्या होत्या. रोझाल्बा जन्मली त्या वर्षी दोनाताच्या नवऱ्यानं, व्हितोनं, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्या वाळूत पुरल्या. मुलीच्या लग्नातच फोडायच्या, एरवी हात लावायचा नाही. व्हितो गेला, रोझाल्बा बेचाळीस वर्षांची झाली, वाळू तशीच.

"त्याचं आता व्हिनेगर झालं असेल गं," शेजारची जेरार्दा कुंपणावरून म्हणायची.

"होऊ दे! तुझा जावई तर आंबूनच जन्माला आलाय."

तोंड असं चालायचं, पण आतून जीव टांगणीला. बाटली फोडायची म्हणजे लेकीच्या लग्नावर आपल्याच हातानं पाणी सोडायचं. न फोडावी तर लेकीचा मळा जातो. आणि ती बया कालपासून बाटल्यांचं नाव काढेना! मागितली असती, तर दोनाताला निदान भांडता तरी आलं असतं.

बेल्त्रामी आला तो घड्याळाकडे बघतच. टेबलावर पाव होता, तळलेल्या लाल मिरच्या होत्या. त्यानं कशाला हात लावला नाही.

"जुनी नाही आमच्याकडे," रोझाल्बा खालमानेनं म्हणाली.

दोनाताच्या अंगाचा तिळपापड झाला. "नाही कशी? पाहुण्यासमोर खोटं बोलतेस?"

ती तरातरा तळघरात गेली आणि नखांनी वाळू उकरायला लागली. बाटली घेऊन आली तेव्हा दम लागला होता. बूच अर्धं तुटलं. जेरार्दाचं म्हणणं खरं निघालं तर? लग्नही गेलं आणि मळाही.

बेल्त्रामीनं वास घेतला. एक घोट घेतला, मग खुर्ची ओढून खाली बसला. दुसरा घोट घेतला. शेवटी त्यानं मिरची उचलून कुडुमकुडुम खाल्ली, ग्लास रिकामा केला आणि खिशातून करारपत्र काढून सही ठोकली.

"इतकी वर्षं कुठे होती ही, सिन्योरा?"

"वाळूत. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली."

तो ओशाळला. "अरेरे! मी उगाच फोडायला लावली. कधी आहे लग्न?"

दोनाताला जमिनीवरून नजर उचलवेना.

रोझाल्बानं समोरच्या वेलींकडे बघत स्वतःचा ग्लास काठोकाठ भरला, मग आईचा भरला.

"आजच आहे," ती म्हणाली. "घ्या ना अजून."

दोनाता बघतच राहिली. मग खांद्यावरचा टॉवेल ओढून तिनं लेकीच्या पाठीत सणसणीत हाणला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"गधडे, आधी सांगायचंस ना! मी या मातीनं भरलेल्या चपला घालून आलेय!"