शेअर व्हॅनमधलं गुपित

आमच्या ग्वाल्हेरात सिटी सेंटरला टॅक्सीत बसले आणि लिंबाच्या सेंटचा वास आला की मला अंदमानची ती व्हॅन आठवते. दादाच्या लग्नाला तीनच महिने झाले होते. ऐन सुट्टीची गर्दी, मांडीवर बॅगा, खिडकीतून खारा वारा, आणि विमानतळावरून निघालेली ती शेअर व्हॅन एकेका हॉटेलापाशी प्रवासी उतरवत चाललेली. दादा पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे आई आणि मी, वहिनी आमच्या शेजारी डोळे मिटून. ती हिंदी घरातली, आमच्याशी हिंदीतच बोलायची. ग्वाल्हेरात चारचौघांत गुपित बोलायचं तर आम्ही मराठीत बोलतो, त्याच सवयीनं आई मला म्हणाली, "दादाची नोकरी लग्नाआधीच गेलीय. हिला कळू देऊ नकोस." मी हादरलेच. आमचं हॉटेल शेवटचं होतं. उतरताना वहिनीनं आईला हात दिला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "सावकाश, आई. माझं आजोळ ग्वाल्हेरातच, खासगी बाजार मोहल्ल्यात, शेजारी सगळे मराठीच. नोकरीचं यांनी मला सांगायला हवं होतं." आईचा हात तिच्या हातात तसाच राहिला. ते तीन महिने आम्ही तिच्यासमोर काय काय बोललो होतो, ते मी अजून आठवत बसते. तिनं मात्र त्यातलं एक अक्षरही कधी काढलेलं नाही.